५० टक्क्यांची मर्यादा आणणारा निकाल लिहिला, पुढे कुलगुरू झाले. कोण होते न्या. गजेंद्रगडकर?

मराठा आरक्षण असो की ओबीसींचा प्रश्न, चर्चा ५० टक्क्यांच्या मर्यादेपाशी येऊन अडते. ही मर्यादा ज्या निकालातून आली, तो लिहिणारे न्यायमूर्ती साताऱ्याचे होते. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू.

जडणघडण कशी झाली?
१६ मार्च १९०१ रोजी संस्कृत पंडितांच्या घरात जन्म. डेक्कन कॉलेजातून एमए आणि पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातून एलएलबी केल्यावर १९२६ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. दत्तकविधानावरील ‘दत्तकमीमांसा’ या संस्कृत ग्रंथाचे त्यांनी संपादन केले. १९४५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे, तर १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

५० टक्क्यांचा निकाल काय होता?
तत्कालीन म्हैसूर राज्याने मेडिकल आणि इंजिनीअरिंगच्या ६८ टक्के जागा राखीव ठेवल्या होत्या. सप्टेंबर १९६२ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा आदेश रद्द केला. आरक्षण सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असावे आणि मागासलेपण केवळ जातीवरून ठरवू नये, असे या निकालाने सांगितले. आरक्षणाला समानतेचा अपवाद मानणारी त्यातील भूमिका न्यायालयाने नंतर सोडली. मर्यादा मात्र १९९२ च्या मंडल निकालात कायम राहिली. २०२१ मध्ये मराठा आरक्षण रद्द करतानाही तीच आधाराला होती.

मंदिरप्रवेशाबाबत भूमिका काय?
आपला पंथ हिंदू धर्माहून वेगळा आहे, त्यामुळे मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्याला लागू नाही, असा स्वामिनारायण सत्संगींचा दावा होता. जानेवारी १९६६ मध्ये गजेंद्रगडकरांनी तो फेटाळला आणि दलितांचा प्रवेशाचा हक्क कायम राहिला.

निवृत्तीनंतर काय केले?
मार्च १९६६ मध्ये ते सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले. कॉलेजातील जागांचा निकाल देणारे न्यायमूर्ती आता स्वतः विद्यापीठ चालवू लागले. १९७१ पर्यंत ते कुलगुरू होते. याच काळात त्यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ मध्ये अहवाल दिला. पुढे १९७७ पर्यंत ते विधी आयोगाचे अध्यक्ष होते. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ साली झालेल्या मोठ्या दुरुस्तीमागे या आयोगाचा अहवाल होता. १९७२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.