डोरोथी यूस्टिस : अंधांना चार पायांचा सोबती देणाऱ्या बाई



कुत्र्याचे पिलू घरी आणायचे, वर्ष-सव्वा वर्ष त्याला वाढवून शहाणे करायचे, आणि ते घरचेच होऊन गेले की परक्याच्या हाती द्यायचे. असे काम कोणी मोबदल्याशिवाय, आपखुशीने करील काय? अमेरिकेत आणि इंग्लंडात कितीतरी कुटुंबे ते करतात. त्या कामाचा पाया ज्यांनी घातला त्या बाईंचा परिचय आज आम्ही करून देत आहोत.

डोरोथी हॅरिसन यांचा जन्म ३० मे १८८६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी झाला. १९०६ साली त्यांचे लग्न झाले. सासरी न्यूयॉर्क राज्यात त्यांच्याकडे हान्स नावाचा जर्मन शेफर्ड कुत्रा होता. त्याची हुशारी पाहून बाई थक्क झाल्या. १९१५ साली पती वारले. दोन मुले पदरी होती. १९२३ साली त्यांनी जॉर्ज यूस्टिस यांच्याशी दुसरा विवाह केला. स्वित्झर्लंडमध्ये वेवे गावाजवळच्या डोंगरावर ‘फॉर्च्युनेट फील्ड्स’ नावाचे त्यांचे ठाणे होते. तेथे जॅक हम्फ्री या जाणत्या शिक्षकाच्या मदतीने त्या उत्तम जातीचे कुत्रे निपजवू लागल्या. हे कुत्रे सैन्याच्या आणि पोलिसांच्या उपयोगी पडत.

पहिल्या महायुद्धात जर्मनीचे अनेक सैनिक आंधळे झाले होते. त्यांच्यासाठी १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली होती. पुढे पॉट्सडॅमला निघालेली अशीच एक शाळा बाईंनी डोळ्यांनी पाहिली. हात धरायला कोणी नसताना आंधळा माणूस भर रस्त्यातून ताठ मानेने चालतो, हे दृश्य त्यांच्या मनातून जाईना. एका अमेरिकन साप्ताहिकात स्वतःच्या कुत्र्यांविषयी लिहिण्याऐवजी त्यांनी या शाळेविषयीच लिहिले. तो लेख ५ नोव्हेंबर १९२७ रोजी छापून आला.

नॅशव्हिल शहरातील मॉरिस फ्रँक या आंधळ्या तरुणाला त्याच्या वडिलांनी तो लेख वाचून दाखवला. त्याचा एक डोळा सहाव्या वर्षी गेला होता, दुसरा सोळाव्या. त्याने बाईंना पत्र लिहून आपल्यासाठी कुत्रा मागितला. मग आपण इतर अंधांनाही हे शिकवू, असे वचनही दिले. १९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला. जाताना बोटीवर त्याला एखाद्या गाठोड्यासारखे सांभाळून नेले होते. परतताना बडी नावाची कुत्री त्याच्यासोबत होती. न्यूयॉर्कला उतरताच वार्ताहरांदेखत त्याने मोटारींनी गजबजलेला रस्ता तिच्या भरवशावर ओलांडला, आणि यश मिळाल्याची एका शब्दाची तार बाईंना केली.

२९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिलला ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. पुढे ती न्यू जर्सीत गेली. बाईंनी आपला पैसा आणि आपली उरलेली वर्षे तिला दिली. त्यांनी पाठवलेल्या शिक्षकाच्या हाताखाली १९३१ साली इंग्लंडातील वॉलसी येथे चार अंधांना कुत्रे मिळाले. दान घेतल्याची लाज कोणाला वाटू नये म्हणून ही संस्था १५० डॉलर घेते आणि माजी सैनिकाकडून फक्त १ डॉलर. खर्च याच्या कितीतरी पट असतो. पण कुत्रा माणसाच्या स्वतःच्या कमाईचा होतो.

या शिक्षणातली एक गोष्ट आम्हा शिक्षकांना विचारात पाडते. कुत्र्याला आज्ञा पाळायला शिकवतात, तशी ती मोडायलाही शिकवतात. धन्याने पुढे चल म्हटले तरी मोटार येत असेल तर त्याने जागचे हलायचे नाही. असा शहाणपणा छडीने येत नाही. तो येण्यासाठी पिलाला लहानपणी माणसांचा लळा आणि जगाचा सराव हवा. म्हणूनच १९४२ साली या संस्थेने न्यू जर्सीतील मुलांच्या घरी पिले वाढवायला देण्यास सुरुवात केली. सात-आठ आठवड्यांचे पिलू घरी येते. शी-शू कोठे करावी, जिन्यावर कसे चढावे, बाजारात आणि बसमध्ये शांत कसे बसावे, हे त्याला घरची माणसे शिकवतात. मग ते परत जाते. त्या दिवशी मुले रडतात. पण पुष्कळ घरी काही दिवसांनी दुसरे पिलू येते.

८ सप्टेंबर १९४६ रोजी डोरोथी यूस्टिस न्यूयॉर्कमध्ये निवर्तल्या. त्यांच्यामागे हे काम अंधांपुरते राहिले नाही. युद्धाचा धसका घेतलेल्या, रात्री ओरडत उठणाऱ्या सैनिकांनाही आता कुत्रे सोबत करतात. वाईट स्वप्नातून ते धन्याला जागे करतात, गर्दीत त्याच्या पाठीशी उभे राहतात. २०२१ साली अमेरिकेने अशा माजी सैनिकांसाठी कायदाही केला.

आमच्या बेटावर दरवर्षी सहावीची मुले आमच्या हातून निघून मोठ्या शाळेत जातात. रिकाम्या बाकांकडे पाहून आम्हांला वाईट वाटते. पण मुले आपल्याजवळ राहावीत म्हणून कोणी शिकवत नाही. पिलू सांभाळणाऱ्या त्या मुलांना हे आमच्याआधी कळले आहे.