आठ तासांचे मोल : मजूरमंत्री बाबासाहेब

महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की चवदार तळे, राज्यघटना आणि दीक्षाभूमी डोळ्यांपुढे उभी राहते. पण आम्ही सूतगिरणीत राबणारी माणसं. पाळी सुटल्यावर आम्हाला आठवतात ते मजूरमंत्री बाबासाहेब. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या अंकात त्यांच्या जीवनाची हीच बाजू मांडावी असे आम्ही ठरविले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. पुढे परळच्या बी.आय.टी. चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीतच, ते कित्येक वर्षे राहिले. त्या काळी आपल्या माणसाला सूतखात्यात काम मिळे, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या तोंडचा धागा इतरांना विटाळ वाटे! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. त्याच साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा झाला.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ साली ते कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. त्या वेळी आपले नंदुरबार पश्चिम खानदेशातच होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्याच वर्षी संपाचा हक्क आवळणारे विधेयक आले. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात बाबासाहेब कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ साली ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरून मजुरांची अवस्था पाहून आले. १९४५ साली कारखाना कामगारांना वर्षाची पगारी सुट्टी मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, म्हणजे सहा दिवस आठ-आठ तास. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. कामगार विम्याची तयारीही त्यांच्याच काळात झाली. पुढे घटनेत वेठबिगारीला बंदी आली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आता आमची गोष्ट. आम्ही पहिल्या गिरणीत सहा वर्षे बारा-बारा तास भरले. जादा तासांचा दाम दुप्पट असतो हे आम्हाला ठाऊकच नव्हते, आणि कोणी सांगितलेही नाही. बाबासाहेबांविषयी वाचू लागलो तेव्हा कळले. पण तोवर सहा वर्षे गेली होती. दोष मालकाचा तर होताच, पण आमच्या अज्ञानाचाही होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने २९ केंद्रीय कामगार कायदे जाऊन चार संहिता आल्या आहेत. कोणी त्यांना चांगल्या म्हणतो, कोणी वाईट. आमचे म्हणणे एवढेच, की आधी वाचा. दिवसाचे आठ तास त्यातही आहेत, पण ते मागणाऱ्यालाच मिळतील. आपल्या जिल्ह्यातून उचल घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या भावाबहिणींना तर अजून तासांचा हिशोबही मिळत नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, पगाराची पावती मागा, विम्याचे कार्ड मागा, संघटनेत या. शिकलेल्या पोरांनी रविवारी वंदनेनंतर अर्धा तास विहारात बसून आपल्या माणसांना हे कायदे वाचून दाखवावेत. बाबासाहेबांनी कायदा दिला, तो घरापर्यंत आणणे आपले काम आहे.

जयभीम!