फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि युद्धखातें

रणांगणावर पडलेल्या वीराचें नांव इतिहास आदरानें नोंदवितो. परंतु वेळेवर अन्न, घोंगडी किंवा औषध न मिळाल्यामुळें जो शिपाई मेला, त्याची आठवण फारसें कोणी ठेवीत नाहीं. सैन्य म्हणजे केवळ तोफा, घोडे आणि निशाणें नव्हेत. त्यांच्या मागें एक मोठी कचेरी असते. शिपायास अन्न कोणीं पुरवावयाचें, वस्त्रें कोणीं द्यावयाचीं, तो आजारी पडल्यास जबाबदारी कोणाची, पैसा कोणाच्या सहीनें खर्चावयाचा, हें सर्व त्या कचेरींत ठरतें. तिची मांडणी नीट असली तर सैन्य तगतें. ती विसकटलेली असली तर शत्रूची गोळी लागण्यापूर्वींच शिपाई मरूं लागतात. हें सत्य ज्या स्त्रीनें जगाच्या नजरेस आणून दिलें, तिचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस चांगलें ठाऊक आहे. हातांत दिवा घेऊन रात्रीं रुग्णांमधून फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल, एवढेंच तिचें चित्र बहुधा आपल्या डोळ्यांपुढें असतें. परंतु त्या दिव्याचें काम पुरतीं दोन वर्षेंही चाललें नाहीं. त्यानंतर कागद, आंकडे आणि लेखणी यांच्या साहाय्यानें तिनें जें काम केलें, तें अनेक वर्षें चाललें. त्या दुसऱ्या कामाची हकीकत येथें मुख्यतः सांगावयाची आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला व त्या शहरावरूनच तिचें नांव ठेवण्यांत आलें. घराणें इंग्लंडांतील, श्रीमंत व सुशिक्षित. वडिलांनीं आपल्या दोन्ही मुलींस ग्रीक, लॅटिन, इतिहास इत्यादि विषय स्वतः शिकविले. धाकट्या फ्लॉरेन्सला गणिताची गोडी विशेष होती. वयाच्या सोळाव्या वर्षीं, १८३७ सालीं, ईश्वर आपणांस सेवेसाठीं बोलावीत आहे असा तिला अनुभव आला. पण ती सेवा कोणती हें कळावयास पुढें कित्येक वर्षें लागलीं. रुग्णसेवा करण्याची इच्छा तिनें बोलून दाखविली तेव्हां घरांत मोठा विरोध झाला. त्या काळीं इंग्लंडांत रुग्णालयांतील परिचारिकेचा धंदा हलका समजला जाई व कुलीन घरची मुलगी तिकडे जाणें लज्जास्पद वाटे. परंतु तिनें आपला निश्चय सोडला नाहीं. १८५१ सालीं ऱ्हाइन नदीवरील कैसर्सवर्थ येथील संस्थेंत तिनें शिक्षण घेतलें आणि १८५३ सालीं लंडनमधील हार्ले स्ट्रीटवरील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था हातीं घेतली.

पुढच्याच वर्षीं इंग्लंड व फ्रान्स हीं राष्ट्रें तुर्कस्तानच्या बाजूनें रशियाशीं लढाईस उभीं राहिलीं. हेंच क्रिमियाचें युद्ध होय. वॉटर्लूच्या लढाईनंतर जवळजवळ चाळीस वर्षें इंग्लंडच्या सैन्यास युरोपांत मोठें युद्ध करावें लागलें नव्हतें, आणि त्याचा कारभार जुन्या वळणावरच चालला होता. तो कारभार कसा होता हें समजून घेतल्यावांचून पुढील अनर्थाचें कारण कळावयाचें नाहीं. पायदळ व घोडदळ यांची शिस्त व नेमणुका सरसेनापतीच्या हातीं असत. त्यांच्या खर्चाचा हिशेब युद्धचिटणीस नांवाचा वेगळा अधिकारी पार्लमेंटपुढें मांडी. युद्धाचें धोरण ज्या मंत्र्यानें ठरवावयाचें, त्याच्याकडेच वसाहतींचाही कारभार असे. हीं दोन कामें १८५४ च्या जून महिन्यांत, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर, वेगळीं करण्यांत आलीं. तोफा, दारूगोळा, गोलंदाज व बराकी हा सर्व पसारा ऑर्डनन्स बोर्डाकडे असे. अन्न, जळण, वैरण व वाहतूक हें काम रसदखात्याचें, आणि तें खातें सैन्याच्या हुकमतींत नसून सरकारी खजिन्याच्या ताब्यांत! वैद्यकखातें आणखी निराळें. आणि रुग्णालयांतील सामान पुरविणाऱ्या कोठावळ्याचा कारभार त्याहूनही निराळा.

अशा रीतीनें एका शिपायाच्या पोटाची, पाठीची व प्राणाची जबाबदारी अनेक कचेऱ्यांत विभागली गेली होती. म्हणजेच ती कोणावरच नव्हती. क्रिमियांत कडाक्याची थंडी पडली असतां शिपायांस कॉफीच्या हिरव्या, न भाजलेल्या बिया वांटण्यांत आल्या. त्या भाजावयास जळण नव्हतें, आणि दळावयास साधन नव्हतें. स्कर्व्ही रोगावर उपयुक्त असा लिंबाचा रस बंदरांत येऊन पडला, पण तो वांटण्याचा हुकूम न निघाल्यामुळें कित्येक आठवडे तसाच राहिला. १४ नोव्हेंबर १८५४ रोजीं झालेल्या वादळांत उबदार कपड्यांनीं भरलेलें ‘प्रिन्स’ नांवाचें जहाज बालाक्लाव्हाजवळ बुडालें. आणि ती तूट तातडीनें भरून काढणारें एकही समर्थ खातें नव्हतें.

वृत्तपत्रांतून ही दुर्दशा इंग्लंडांत समजतांच लोकमत खवळलें. त्या वेळचे युद्धचिटणीस सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सचे स्नेही होते. त्यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिकांसह त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथें पोंचल्या. तेथील प्रचंड बराकींत रुग्णालय थाटलें होतें. खालीं तुंबलेलीं गटारें, वर जमिनीवर दाटीनें पडलेले रुग्ण, आणि साबण, टॉवेल, भांडीं यांचाही अभाव, असा तेथील देखावा होता. प्रत्येक वस्तूसाठीं अर्ज, त्यावर सह्या, आणि शेवटीं बहुधा नकार. ‘टाइम्स’ पत्रानें जमविलेला निधि व स्वतःजवळचा पैसा यांतून नाइटिंगेलबाईंनीं बाजारांतून सामान खरेदी केलें, स्वयंपाकघर व धोबीखाना उघडला, मोडकळीस आलेले वॉर्ड मजूर लावून दुरुस्त करविले. जें काम खात्यांनीं करावयाचें, तें एका स्त्रीस करावें लागलें.

तरीही मृत्यु थांबले नाहींत. १८५५ च्या फेब्रुवारींत स्कुटारी येथील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४२ पर्यंत चढलें. मार्च महिन्यांत सरकारनें पाठविलेलें आरोग्यमंडळ तेथें आलें. त्यानें गटारें उपसलीं, पाणी शुद्ध केलें, खिडक्या उघडून हवा खेळती केली. आणि जूनपर्यंत तेंच प्रमाण शेंकडा सुमारें २ वर उतरलें. सेवा कितीही प्रेमळ असली तरी घाणीपुढें तिचा इलाज चालत नाहीं, ही गोष्ट नाइटिंगेलबाईंस पूर्णपणें उमगली ती इंग्लंडांत परतल्यावर, आंकड्यांचा अभ्यास केल्यानंतर. आपल्या डोळ्यांदेखत मेलेले हजारों शिपाई वांचूं शकले असते, हा विचार त्यांस आयुष्यभर सोडून गेला नाहीं.

इकडे लंडनमध्यें या अनर्थापायीं १८५५ च्या आरंभींच मंत्रिमंडळ कोसळलें. नवे युद्धमंत्री लॉर्ड पॅन्म्यूर यांच्याकडे युद्धचिटणिसाचेंही काम सोंपविण्यांत आलें. ऑर्डनन्स बोर्ड त्याच वर्षीं रद्द झालें. रसदखातें खजिन्याकडून काढून युद्धखात्याकडे आलें. कागदावर सर्व खातीं एका छपराखालीं आलीं. पण सरसेनापतीची कचेरी वेगळीच राहिली, आणि जुनीं खातीं नव्या इमारतींत जुन्याच सवयींनीं चालूं लागलीं.

१८५६ च्या ऑगस्टांत नाइटिंगेलबाई कोणताही सत्कार न स्वीकारतां गुपचूप घरीं परतल्या. क्रिमियांतील तापानें त्यांची प्रकृति कायमची खालावली होती. पुढील अनेक वर्षें त्यांनीं बव्हंशीं अंथरुणांतच काढलीं. त्याच अंथरुणावरून त्यांनीं युद्धखात्याशीं दुसरी लढाई सुरू केली. बाल्मोरल येथें व्हिक्टोरिया राणीची भेट घेऊन त्यांनीं आपलें म्हणणें मांडलें आणि १८५७ सालीं हर्बर्ट यांच्या अध्यक्षतेखालीं सैन्याच्या आरोग्याविषयीं रॉयल कमिशन नेमण्यांत आलें. स्त्रियांस अशा मंडळांत जागा नव्हती. परंतु आंत बसलेल्या पुरुषांस लागणारे आंकडे, प्रश्न व टिपणें बहुतांशीं त्याच पुरवीत. शांततेच्या काळीं, खुद्द इंग्लंडांतील बराकींत राहणारे तरुण शिपाई त्याच वयाच्या इतर नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणांत मरतात, हें त्यांनीं आंकड्यांनीं सिद्ध केलें. मंत्र्यांस लांबलचक कोष्टकें वाचावयास वेळ नसतो हें ओळखून त्यांनीं रंगीत वर्तुळाकार आकृत्या तयार केल्या. रोगानें किती मेले व जखमांनीं किती, हें त्यांवरून एका दृष्टिक्षेपांत कळे. १८५८ सालीं लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

या कमिशनमुळें बराकींची सुधारणा, सैन्याच्या आरोग्याचे आंकडे ठेवणारी शाखा आणि लष्करी वैद्यकशाळा हीं कामें मार्गास लागलीं. १८५९ सालीं हर्बर्ट स्वतः युद्धमंत्री झाले, तेव्हां मूळ रोगावरच इलाज करण्याचें दोघांनीं ठरविलें. प्रत्येक खात्याच्या प्रमुखाचीं कर्तव्यें स्पष्ट असावींत, त्याची जबाबदारी निश्चित असावी, आणि एकच कागद दहा टेबलांवर फिरत राहूं नये, अशी ती योजना होती. पण कचेरींतील मुरलेल्या अधिकाऱ्यांस ती रुचली नाहीं. त्यांनीं उघड विरोध क्वचितच केला. विलंब मात्र भरपूर केला. हर्बर्ट यांस मूत्रपिंडाचा असाध्य विकार जडला होता. विश्रांतीची गरज असतांही, बाईंच्या आग्रहानें ते कामावर राहिले. अखेर १८६१ च्या जून महिन्यांत, ही पुनर्रचना आपल्या हातून होणार नाहीं, असें त्यांनीं कबूल केलें. बाईंनीं त्या वेळीं त्यांस कठोर शब्दांनीं दोष दिला. २ ऑगस्ट १८६१ रोजीं हर्बर्ट मरण पावले. ज्या कार्यासाठीं त्या झुरत होत्या, त्याच कार्यानें त्यांचा सर्वांत निष्ठावंत सहकारी नेला होता. बाईंच्या दुःखास पार राहिला नाहीं. थोर माणसांच्या तळमळींतही कधीं कधीं निष्ठुरता असते, हें येथें लपविण्याचें कारण नाहीं.

परंतु काम थांबलें नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस कानडांत तातडीनें सैन्य धाडण्याचा प्रसंग आला, तेव्हां युद्धखात्यानें त्यांचाच सल्ला घेतला. बर्फांतून आजारी शिपाई कसे न्यावयाचे, किती अंतरावर थांबे हवे, कपडे कोणते द्यावयाचे, हें सर्व त्यांनीं हिशेब करून दिलें. आपल्या देशाशींही त्यांचा निकट संबंध आला. हिंदुस्थानांतील गोऱ्या फौजेंत वर्षास दर हजारीं ६९ मृत्यु होत. त्याची चौकशी करणाऱ्या कमिशनचा अहवाल १८६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यासाठीं ठिकठिकाणच्या छावण्यांकडून माहिती मागवून ती तपासण्याचें काम बाईंनीं केलें. आणि पुढच्याच वर्षीं मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें आरोग्यमंडळें स्थापन झालीं. दहा वर्षांच्या आंत मृत्यूंचें प्रमाण हजारीं १८ वर आलें. छावणी स्वच्छ ठेवून शेजारचें गांव घाणींत ठेवणें व्यर्थ आहे, हें जाणून त्या पुढें रयतेचें आरोग्य, पाटबंधारे व दुष्काळ या प्रश्नांकडे वळल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार होता. हिंदुस्थानांत मात्र त्यांनीं कधींही पाऊल टाकलें नाहीं.

युद्धखात्याची जी पुनर्रचना हर्बर्ट यांस साधली नाहीं, ती पुढें टप्प्याटप्प्यानें झाली. १८७० सालीं कार्डवेल या मंत्र्यानें सरसेनापतीस युद्धमंत्र्याच्या हाताखालीं आणून फौज, पुरवठा व पैसा असे कारभाराचे तीन स्पष्ट विभाग केले. १९०४ सालीं सरसेनापतीचें पद रद्द होऊन सैन्यमंडळ स्थापन झालें. १९६४ सालीं भूदल, नौदल व विमानदल हीं तीन खातीं एकत्र होऊन इंग्लंडचें संरक्षणखातें बनलें. पहिल्या दोन सुधारणा बाईंच्या हयातींतल्या होत. १९०७ सालीं ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा बहुमान त्यांस मिळाला. तो मिळविणाऱ्याही त्या पहिल्याच स्त्री होत. १३ ऑगस्ट १९१० रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्यांचें लंडन येथें देहावसान झालें. वेस्टमिन्स्टर अॅबेंत दफन करण्याचा मान नातलगांनीं नाकारला. हॅम्पशायरमधील एका खेड्यांतील चर्चच्या आवारांत, आईवडिलांजवळ, त्यांस चिरविश्रांति मिळाली. समाधीवर त्यांच्या नांवाचीं केवळ आद्याक्षरें आहेत.

विद्यार्थिमित्रहो, दुःखी माणूस पाहून डोळ्यांत पाणी येणें हा सद्गुण खरा. पण तेवढ्यावर थांबणें पुरेसें नव्हे. तें दुःख कोणत्या चुकीमुळें उत्पन्न झालें हें शोधणें, त्याचे आंकडे मांडणें, आणि ज्यांच्या हातीं उपाय आहे त्यांच्या दारीं वर्षानुवर्षें धरणें धरणें, ही सेवेची अधिक कठीण पायरी होय. आपणांपैकीं कित्येक पुढें कचेऱ्यांत काम करतील. टेबलावर पडलेल्या प्रत्येक कागदामागें एखादा थंडींत कुडकुडणारा शिपाई उभा असूं शकतो, एवढें ध्यानांत ठेवून जो तो कागद वेळेवर निकालांत काढील, तोही त्या दिव्याचा वारसदारच होय.