अकबर बादशहाची कबुतरे

अकबराच्या लढाया आपण शाळेत पाठ केल्या. त्याच्या कबुतरांविषयी मात्र कोणी फारसे सांगत नाही. १५४२ साली उमरकोटला जन्मलेल्या या बादशहाच्या घराण्यात हा शौक जुनाच होता, आणि तो जिवावरही बेतला होता. त्याचे पणजोबा, म्हणजे बाबराचे वडील उमर शेख मिर्झा, १४९४ साली कबुतरखान्यासकट दरीत कोसळून वारले.

अकबराला लहानपणापासून कबुतरांचे वेड. कळता झाल्यावर त्याने ते सोडले, पण पुढे विचारांती पुन्हा धरले. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त याची बारीक नोंद केली आहे. कबुतरे २० हजारांवर. त्यांतली खास ५००च. पिलांना उडायला शिकवताना दाणा बेताचाच, कारण भुकेले पाखरू मुकाट्याने घरी परतते. चांगली सवय झाली की मगच पुरता शिधा. तयार कबूतर एका उड्डाणात १५ गिरक्या आणि ७० कोलांट्या घेई! अकबराचा दूधभाऊ अजीज कोका याच्याकडच्या ‘मोहना’ या निळसर कबुतराचा वंश पुढे फार नावाजला. अक्षरओळख नसलेल्या बादशहाची ही पारख आम्हाला त्याच्या लढायांइतकीच मोठी वाटते. छावणी हलली की कबुतरखानेही माणसांच्या खांद्यावरून निघत.

१६०५ साली अकबर गेला. पुढे १८५९ साली डार्विनने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या कबुतरांची दखल घेतली.