सर आल्बर्ट ससून : कापसाची गोदी, कोळ्यांचा धक्का

गंगेकाठच्या आपल्या नाशकाचा आणि समुद्राचा संबंध तसा दूरचा. मध्ये सह्याद्री आडवा पडलेला. तरीही सुक्या बोंबलांचा नि सोड्यांचा वास आपल्या बाजाराला परका नाही आणि बर्फात घातलेले पापलेट घाट चढून आपल्या गावी येते. मुंबईत मासळी ज्या धक्क्यांवर उतरते, त्यांतला एक जुना धक्का म्हणजे कुलाब्याची ससून गोदी. हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. पण ज्याचे हे नाव, तो माणूस कोण होता आणि त्याचे मासळीशी काय नाते होते, हे फारसे कोणी विचारीत नाही.

अब्दुल्ला डेव्हिड ससून यांचा जन्म २५ जुलै १८१८ रोजी बगदादला झाला. इकडे पेशवाई बुडाली ते हेच वर्ष. घराणे ज्यू आणि सधन होते; आजोबांकडे तिथल्या पाशांचा खजिना असे. पुढे राज्यकर्त्यांची मर्जी फिरली. वडील डेव्हिड ससून जीव वाचवून इराणच्या बुशहर बंदरात आले आणि तेथून १८३२ च्या सुमारास त्यांनी कुटुंबासह मुंबई गाठली. मुंबई तेव्हा पुरती एकसंध झालेली नव्हती. कुलाब्याला जोडणारा रस्ता १८३८ साली झाला; तोवर तिकडे जाणाऱ्याला होडी तरी करावी लागे, नाही तर ओहोटीची वाट तरी पाहावी लागे. या बेटांवर कोळ्यांची वस्ती फार जुनी. कुलाबा, वरळी, माहीम, माझगाव येथील कोळीवाडे ससूनांची पेढी उघडण्याच्या कितीतरी आधीचे.

पेढी झपाट्याने वाढली. कापूस, सूत, कापड आणि अफू हा तिचा व्यापार. माळव्याची अफू मुंबईहून चीनला जाई आणि त्या व्यापारात ससूनांचा वाटा मोठा होता. हा भाग चरित्रकाराने झाकून ठेवू नये. पुण्याच्या ससून रुग्णालयात किती गोरगरीब बरे होऊन घरी गेले असतील! पण त्या दानाच्या थैलीत चीनमधील व्यसनी माणसांच्या घरचा पैसाही होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. त्याच सुमारास, १८६५ साली, थळ घाटातून रेल्वे सुरू झाली. खानदेशचा कापूस आपल्या नाशिक रोडवरून मुंबईच्या बंदराकडे धावू लागला. युद्ध संपले, भाव कोसळले, भल्याभल्यांची दिवाळी निघाली. ससूनांची पेढी मात्र तगली. डेव्हिड ससून १८६४ साली पुण्यास वारले होते. पेढीची धुरा आता थोरल्या मुलावर होती. त्याने अब्दुल्लाचे आल्बर्ट असे नाव धारण केले होते. १८६८ पासून काही वर्षे ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात होते आणि १८७२ साली त्यांना सर ही पदवी मिळाली.

त्या वेळच्या बंदराची अडचण समजून घेतली, तरच आल्बर्ट यांच्या कामाचे मोल कळेल. मुंबईत भरती-ओहोटीचा फरक मोठा. मोठी जहाजे खाडीत नांगर टाकून उभी राहत आणि माल पडावांतून धक्क्याला येई. त्यात वेळ जाई, माल भिजे, चोऱ्या होत. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींची वर्दळ वाढली. अशा वेळी आल्बर्ट ससून यांनी कुलाब्याला खडक फोडून गोदी बांधवली. दरवाजे लावून भरतीचे पाणी आत कोंडायचे, म्हणजे ओहोटीतही जहाज धक्क्याला तरंगत राहते. १८७५ साली ती खुली झाली. पश्चिम हिंदुस्थानातील ही अशा प्रकारची पहिली गोदी. १८७९ साली ती पोर्ट ट्रस्टने विकत घेतली आणि पुढल्याच वर्षी ट्रस्टची स्वतःची प्रिन्सेस डॉक सुरू झाली.

आल्बर्ट तोवर इंग्लंडवासी झाले होते. लंडन शहराने १८७३ मध्येच त्यांना मानाचे नागरिकत्व दिले होते. प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५ च्या मुंबईभेटीच्या स्मरणार्थ त्यांनी शहराला त्याचा अश्वारूढ पुतळा दिला. तो १८७९ साली उभा राहिला. लोकांनी स्वार सोडून घोडाच लक्षात ठेवला! १९६५ साली पुतळा तेथून हलवला, तरी काळा घोडा हे नाव काही हलले नाही. १८९० साली आल्बर्ट बॅरोनेट झाले आणि २४ ऑक्टोबर १८९६ रोजी ब्रायटन येथे वारले. त्याच दिवसांत मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने माणसे मरत होती.

गोदीचे पुढचे आयुष्य मात्र त्यांनी कल्पिलेही नसेल. जहाजे मोठी झाली, नव्या गोद्या झाल्या, कापसाच्या गाठी तिकडे गेल्या. कुलाब्याच्या या लहान गोदीत मचवे शिरले ते कायमचे. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने विल्यम कॅरिक नावाच्या वाफेच्या ट्रॉलरने खोल समुद्रात मासेमारी करून पाहिली. तो प्रयोग तोट्यात गेला. स्वातंत्र्यानंतर मचव्यांना इंजिने बसली, बर्फ आला, ट्रॉलर आले, कोळंबी परदेशी जाऊ लागली. आज तेथे पहाटेच्या अंधारात मासळीचा लिलाव होतो. टोपल्या, भाव आणि शब्द यांवर हुकमत असते ती कोळणींची. पावसाळ्यातील बंदीचे दोन महिने एवढाच काय तो विसावा.

पण खोल समुद्रात जाळे ओढणाऱ्या बोटींनी मासळीची पैदास मागे पडते, तेव्हा डोल जाळी लावणारा लहान कोळी आधी मरतो. ज्यांच्या वाडवडिलांची ही बेटे, त्यांनाच बंदरात जागेसाठी झगडावे लागते. आल्बर्ट ससून यांनी खडक फोडला तो कापसाच्या व्यापारासाठी. त्या व्यापाराचा तेथे मागमूस उरला नाही. गोदी जिवंत राहिली ती रोज पहाटे तेथे येणाऱ्या कष्टकऱ्यांमुळे. पाटीवर नाव ससूनांचे आहे, ते खुशाल राहो. पण आपल्या ताटात पापलेट पडेल, तेव्हा गोदी बांधणाऱ्याबरोबर ती जागती ठेवणाऱ्यांचीही आपण आठवण ठेवावी, एवढेच सांगावेसे वाटते.