सूर्याला कामाला लावणारे शास्त्रज्ञ

इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या गच्चीवर काचेच्या बाटल्यांच्या आणि नळ्यांच्या रांगा मांडलेल्या असत. तेथे ना भट्टी होती, ना धूर. बाटल्यांवर फक्त ऊन पडत असे. हा प्रयोग करणाऱ्या प्राध्यापकांचे नाव होते जाकोमो चामिचान.

त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५७ रोजी त्रिएस्त येथे आर्मेनियन वंशाच्या कुटुंबात झाला. १८८० साली त्यांनी जर्मनीतील गीसेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १८८९ साली ते बोलोन्या येथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

प्रयोगशाळेत पदार्थ बदलायचा म्हणजे तो तापवायचा किंवा त्यात तीव्र आम्ल घालायचे, अशी रीत होती. पण झाडाचे पान केवळ उन्हाच्या मदतीने आपले अन्न तयार करते. मग माणसाला हे का जमू नये? चामिचान आणि त्यांचे सहकारी पॉल सिल्बर यांनी अनेक पदार्थ उन्हात ठेवून पाहिले. या कामाला फार धीर लागे. शेपूच्या बियांच्या तेलात कार्व्होन नावाचा पदार्थ असतो. तो त्यांनी तब्बल एक वर्ष उन्हात ठेवला, तेव्हा त्यापासून नवा पदार्थ मिळाला.

१९१२ साली न्यूयॉर्क येथील परिषदेत त्यांनी जगाला सावध केले. कोळसा म्हणजे पुरातन काळी साठलेले ऊन आहे आणि तो कधीतरी संपणार, असे त्यांनी सांगितले. ओसाड प्रदेशात उन्हावर चालणारे, धूर नसलेले कारखाने उभे राहतील, अशी त्यांना आशा होती. पण जग कोळसा जाळतच राहिले. २ जानेवारी १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

पन्नास वर्षांनी, १९७२ साली, अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइड व प्रकाश यांच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून दाखवले. हा पांढरा पदार्थ भिंतीच्या रंगातही असतो. त्याची पूड दूषित पाण्यात टाकून तिच्यावर अतिनील किरण सोडले, की अतिशय क्रियाशील कण तयार होतात. ते कापडाचे रंग, कीटकनाशके अशा सेंद्रिय घाणीचे तुकडे करत जातात. शेवटी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. पूड मात्र खर्च होत नाही. म्हणून ती उत्प्रेरक ठरते. उन्हात अतिनील किरण थोडे असल्याने हे काम सावकाश चालते. म्हणून संशोधक अजून चांगले उत्प्रेरक शोधत आहेत.

ऊन तर रोज आपल्या दारात येते. त्याच्याकडून काम करून घ्यायला बुद्धी हवी आणि वर्षभर वाट पाहण्याचा धीरही हवा. चामिचान यांच्याजवळ दोन्ही होते.