सिडनी रिंगर

सिडनी रिंगर (जन्म : नॉरिच, इंग्लंड, १८३५, मृत्यू : लास्टिंगहॅम, यॉर्कशायर, १४ ऑक्टोबर १९१०) हे ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ व शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. हृदयाचे स्पंदन चालू राहण्यासाठी रक्तात सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांचे क्षार ठरावीक प्रमाणात असावे लागतात, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. रुग्णालयांत ‘आरएल’ म्हणून ओळखले जाणारे रिंगर लॅक्टेट सलाईन हे त्यांच्याच द्रावणाचे सुधारित रूप होय.

शिक्षण व कारकीर्द

रिंगर यांनी १८५४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रवेश घेतला व १८६३ मध्ये एम.डी. पदवी मिळवली. त्यानंतर १९०० पर्यंत ते युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये कार्यरत होते. औषधोपचारांवरील त्यांच्या १८६९ मधील ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. १८८५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

रक्तातील क्षारांचे संशोधन

बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून ते कोणत्या द्रावणात धडधडत राहते, याचा रिंगर अभ्यास करीत होते. मिठाच्या द्रावणात अल्प पोटॅशियम मिसळले की पुरेसे होते, असा निष्कर्ष त्यांनी १८८२ मध्ये मांडला. परंतु ऊर्ध्वपातित पाण्याचे द्रावण वापरताच स्पंदन लवकर मंदावले. आधीचे द्रावण नळाच्या पाण्यात केलेले होते व त्या पाण्यातील कॅल्शियम हृदयाला चालते ठेवत होते, हे उघड झाले. रिंगर यांनी आपला पूर्वीचा निष्कर्ष १८८३ मध्ये जाहीरपणे दुरुस्त केला. पोटॅशियमचा अतिरेक हृदय थांबवतो, तर कॅल्शियमच्या अतिरेकाने ते आकुंचितच राहते. म्हणून महत्त्व परस्परप्रमाणाला आहे, हे त्यांच्या कार्याचे सार होय. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी या द्रावणात सोडियम लॅक्टेटची भर घातली.

दीर्घ पल्ल्याचे खेळाडू

मॅरेथॉनसारख्या स्पर्धांत हेच प्रमाण बिघडू शकते. घामावाटे पाणी व सोडियम दोन्ही जातात. मात्र गमावल्यापेक्षा अधिक पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम विरळ होते. ते सामान्यतः लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांमध्ये ते १३५ किंवा त्याहून कमी आढळले. धावताना वजन वाढलेल्यांत हा धोका विशेष होता. तीव्र अवस्थेत मेंदूला सूज येऊन झटके येतात व मृत्यूही ओढवू शकतो. रिंगर लॅक्टेटमधील सोडियम लिटरमागे सुमारे १३० मिलिमोल, म्हणजे रक्ताहून कमी असते. त्यामुळे अशा धावपटूची स्थिती त्याने सुधारत नाही. तीव्र लक्षणांत ३ टक्के मिठाचे संहत द्रावण दिले जाते. कोसळलेल्या धावपटूला सलाईन लावण्यापूर्वी रक्तातील सोडियम तपासणे यासाठीच महत्त्वाचे ठरते.

अखेरचे दिवस

रिंगर यांच्या कन्येचे बालपणीच निधन झाले. तिच्या स्मरणार्थ त्यांनी लास्टिंगहॅम येथील प्राचीन चर्चचा जीर्णोद्धार करविला. निवृत्तीनंतर ते त्याच गावी राहिले व तेथेच त्यांचे निधन झाले.